घोडीच्या तोंडातली कण्हेर

माझ्या पाठीमागे लोक मला घोडेवाली बाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद नाही, पण म्हणतात, मला माहीत आहे. डोंबिवलीतल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली आणि तेवढीच वर्षं संध्याकाळी घरी बसून सात पांढरे घोडे काढले. तेच हो, वास्तूला चांगले म्हणून हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावतात ते. स्टेशनजवळचा एक फ्रेमवाला ऑर्डरी आणायचा. अटी ठरलेल्या. घोडे सातच हवेत, लगाम नको, आणि तोंडं घराच्या आत वळलेली हवीत. बाहेर वळली तर म्हणे लक्ष्मी त्यांच्याबरोबर निघून जाते. एका गिऱ्हाइकाने दाराची बाजू चुकीची सांगितली आणि मग मला सातही घोडे उलटे फिरवायला लावले. माझा नवरा चहा पिता पिता म्हणाला, "अगं, एवढे जीव तोडून धावतायत, त्यांना एकदा विचार तरी, जायचंय कुठे!" मी त्याच्यावर डाफरले. पण रात्रभर तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

खरं सांगते, तोवर मी खरा घोडा जवळून बघितलाच नव्हता. सगळे घोडे कॅलेंडरवरून नाहीतर फोटोवरून. फुलांचं तसं नव्हतं. मी ठाण्याला नौपाड्यात वाढले. आमच्या बैठ्या घरामागे तगर होती, जास्वंद होती, गुलाबी कण्हेर होती. फुलं मला पाठ होती. घोडा मात्र मी सव्वीस वर्षं नुसता गिरवत होते. पन्नाशी ओलांडली, तशी मी शाळा सोडली, फ्रेमवाल्याला नाही म्हणून सांगितलं आणि ठरवलं, आता एक घोडा काढायचा. एकच, पण खरा.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे, एका नव्या टॉवरच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याचा तबेला आहे. तिथे एक पांढरी घोडी असते, लग्नाच्या वरातीत नवरदेवाला घेऊन नाचणारी. तिचे मालक पासष्टीचे आगरी गृहस्थ. तो टॉवर ज्या जमिनीवर उभा आहे ती त्यांच्याच घराण्याची. त्यातले दोन फ्लॅट त्यांच्या मुलांचे. पोरं सांगतात, बाबा, घोडी विका आता, आणि हे सांगतात, आधी मला विका. पहिल्या दिवशी मी वही घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्यांना वाटलं मी महापालिकेतून आलेय. दहा मिनिटं त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. चित्र काढायचंय म्हटल्यावर मात्र एक प्लास्टिकची खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बसा. पन मागच्या पायांशी नको."

दोन वर्षं मी दर रविवारी त्या खुर्चीवर बसले. मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि आधी मॅडम होते ती मी त्यांची ताई झाले. त्यांच्या बोलीत घोडीची घोरी होते आणि मला म्हणायचं तर ते मना म्हणतात. मला ती बोली नीट लिहिता येत नाही, म्हणून कानाला लागली तेवढीच लिहिते. माझी पहिली चित्रं बघून ते पोट धरून हसलेले. "ताई, ही घोरी चार पावलं चालली तर तोंडावर परंल! गुडघा बघा कुठं लावलाय!" मी सव्वीस वर्षं मुलांच्या चित्रांवर लाल पेनाने शेरे मारलेली बाई, मला मिरच्या झोंबल्या नसत्या तरच नवल. पण गुडघा खरंच चुकलेला होता. घरी येऊन मी पुन्हा काढला. मग पुन्हा काढला.

घोडी महा खादाड. नवरदेवाच्या गळ्यातल्या हारावर तिचा डोळा असायचा. एकदा माझ्या वहीचा अख्खा कागद तिने खाल्ला, वर तिचंच चित्र असलेला. तिच्या नाकावर दोन नाकपुड्यांच्या मधोमध पांढऱ्या केसांखालून कातडीचा गुलाबी रंग दिसतो. हाताच्या पंज्याएवढा डाग. तो गुलाबी मला काही केल्या सापडत नव्हता. एके दिवशी रिक्षातून घरी येताना रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर फुललेली दिसली आणि मी रिक्षात एकटीच ओरडले, "हाच की रे!" रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला.

त्या गुलाबीवर मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं चित्र केलं. चार फूट रुंद, तैलरंगात. मान खाली घातलेली घोडी, भोवती कण्हेरीचे झुबकेच्या झुबके, आणि तोंडात एक डहाळी. नाकाचा गुलाबी आणि फुलाचा गुलाबी एकच. चार महिने लागले. संपलं तेव्हा मी नवऱ्याला बोलावलं. तो कधी नाही ते काहीच विनोद न करता उभा राहिला. मला रडू आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी चित्रकार आहे.

त्याच चित्रामुळे माझं पहिलं प्रदर्शन ठरलं. नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये, आमचं जुनं घर होतं तिथून चालत पाच मिनिटांवर. हॉल चालवणाऱ्या बाई कडक शिस्तीच्या. त्यांनी आमंत्रणाच्या कार्डावर कण्हेरीचं चित्र छापलं, समोरची मोठी भिंत त्यालाच दिली, आणि कार्ड बघून एका गृहस्थांनी ते आधीच मागून ठेवलंय असंही कळवलं. माझे पाय जमिनीला लागेनासे झाले. प्रदर्शनाला दहा दिवस होते. पहिलं कार्ड द्यायचं ते मामांनाच, म्हणून मी रविवारी सकाळीच विठ्ठलवाडीला गेलेले.

मामा घोडीला खरारा करत होते. त्यांनी हात पुसले, खिशातून चष्मा काढला, कार्ड लांब धरलं, मग जवळ आणलं.

"ही कन्हेर काय?"

"ओळखलीत ना!" मी खूश.

"ही मरंल," मामा म्हणाले.

मला आधी कळेचना. "कोण मरेल?"

"घोरी. कन्हेर खाल्ल्यावर घोरी जगंल काय? चार पानं पुरतात तिला."

आता यावर माणसाने काय करावं? मी खजील व्हायला हवं होतं. मी भडकले. "अहो मामा, चित्र आहे ते! कॅनव्हासवरची घोडी कशी मरेल?"

"चित्र हाय ते मना कळतंय," ते शांतपणे म्हणाले. "पन माझीच घोरी हाय ना ती? नाकावरचा डाग तिचाच काढलाय ना तुम्ही?"

आणि त्यांनी कार्ड मला परत दिलं. ठेवून घेतलं नाही. पुन्हा खरारा उचलला आणि माझ्याकडे पाठ करून घोडीची मान साफ करायला लागले. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे अशी पाठ कधी केली नव्हती. मी चपला सरकवल्या आणि तरातरा निघाले. कल्याणपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. यांना काय कळतं चित्रातलं, आले मोठे!

मग दुभाजकावरची कण्हेर आली आणि तिच्याबरोबर माझी आई आली. श्रावणी सोमवारी महादेवाला वाहायला आम्ही मागच्या कण्हेरीची फुलं काढायचो. फुलं काढून झाली की आई आम्हाला ओट्यापाशी उभं करून हातावर तांब्याभर पाणी ओतायची. हात धुतल्याशिवाय खाऊ नाही. "चीक पोटात गेला तर मरशील," असं दरवेळी म्हणायची, न चुकता. म्हणजे सात वर्षांची असताना मला माहीत होतं. पन्नाशीची झाल्यावर मी गुलाबी रंगाच्या नादात ते विसरले आणि ती डहाळी घोडीच्या तोंडात दिली. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की घर आलं तरी मी रिक्षातून उतरेना.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या लोकांत कुणाला कळणार आहे? कार्डं वाटून झालीत. आणि तुझे मामा काही नौपाड्याला यायचे नाहीत."

"मग तर कण्हेर पुसायलाच हवी," मी म्हटलं.

"हे काय लॉजिक झालं?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते. ते सात घोडे काय खातात हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यांना पोटच नव्हतं. ही घोडी मी दोन वर्षं समोर बसून बघितली. तिच्या तोंडात मी विष दिलं असेल तर मी तिला बघितलंच नाही. मग हिला आठवा घोडा म्हणा आणि लावा सोफ्याच्या वर.

दुपारीच मी सुरी घेतली. तैलरंग वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो. खरवडायला लागले तसे गुलाबी गोळे निघायला लागले. चार महिने जमवलेला तो गुलाबी मी वर्तमानपत्रावर पुसत होते आणि रडत होते आणि शिव्याही देत होते, मामांना नाही, मलाच. संध्याकाळपर्यंत झुबके गेले. तोंड गेलं. घोडीच्या नाकाखाली नुसता करडा धब्बा राहिला. नवरा येऊन बघून गेला आणि त्याने गुपचूप खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या बाईंना फोन केला. त्या किंचाळल्याच. "अहो, कार्डावर छापलंय ते! आणि त्या गृहस्थांना ती गुलाबी फुलंच हवीयत, त्यांच्या पडद्यांना जुळतात."

"मग त्यांना पडद्याचंच कापड घ्यायला सांगा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.  त्यांनी प्रदर्शनच रद्द केलं असतं तर? पण त्यांनी तासाभराने उलट फोन केला आणि एवढंच विचारलं, "वेळेवर होईल ना?" मी हो म्हटलं. कसं होणार होतं ते मला माहीत नव्हतं.

कण्हेर काढली, पण आता तिथे घालायचं काय? उगाच झेंडू कोंबून चालणार नव्हतं. घोडीला काय आवडतं ते तिलाच विचारायला हवं होतं. बुधवारी पहाटे उठून मी कल्याणच्या फुलबाजारात गेले. झेंडूचे ढीग, शेवंतीची पोती, मधून चिखलातून वाट काढायची. एका फुलवाल्याकडे देशी गुलाब दिसले, छोटे, सुटे, घमघमणारे. एक किलो मागितले.

"पूजा है या शादी?" त्याने विचारलं.

"घोडीला खायला."

त्याने तराजू खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं आणि मूठभर फुलं जास्तीची घातली. वेड्या बाईशी वाद नको म्हणून असेल.

तबेल्यात गेले तेव्हा मामा वैरण टाकत होते. मी पिशवी पुढे केली. त्यांनी आत बघितलं, बादली भरली, सगळे गुलाब तिच्यात ओतले, हाताने घुसळून पाणी फेकून दिलं आणि पुन्हा भरली. "फवारा मारतात फुलांवर," म्हणाले. दोनदा धुऊन झाल्यावर एक फूल तळहातावर ठेवून घोडीपुढे धरलं. मी वही काढली.

घोडी गुलाब कसा खाते ते तुम्ही बघितलंय का? आधी वास घेते. मग वरचा ओठ पुढे येतो, आपण बोटाने चाचपावं तसा, आणि फूल अलगद वळवून आत घेतो. देठ शेवटी बाहेर टाकते. डोळे अर्धे मिटतात. माझ्या जुन्या चित्रातलं तोंड तर साफ खोटं होतं, तिथे घोडीने डहाळी दातात नुसती धरलेली. मी भराभर काढत होते.

"पुसलीत काय कन्हेर?" मामांनी घोडीकडे बघतच विचारलं.

"रविवारीच. खरवडून काढली."

त्यांनी दुसरं फूल दिलं, तिसरं दिलं. मग बोलायला लागले. ते बावीस वर्षांचे असताना वडिलांची घोडी घेऊन कळव्याला एका लग्नाला गेलेले. नवरदेव आत गेला, घोडी मांडवाच्या दारात उभी. घोडी अशीच उभी असते, एकदा नवरा उतरला की तिच्याकडे कोण बघतंय? मांडवाची कमान हिरव्या पाल्याने आणि गुलाबी फुलांनी सजवलेली. घोडी पाला ओढायला लागली तसा मांडववाला ओरडला. "तर मी त्याला बोललो," मामा म्हणाले, "खाऊ दे रे. सगळी जेवतात, तिनं काय पाप केलंय. मीच बोललो, खाऊ दे." त्यांनी बादलीत हात घातला. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपली. बाबा मना एक शब्द बोलले नाय. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं."

मी पेन्सिल खाली ठेवली.  चाळीसेक वर्षं हा माणूस ते दोन शब्द पोटात घेऊन घोडीला चारा घालत होता, आणि मी त्याच्या हातात छापील कार्ड दिलं होतं. निघताना मी कार्डाचं नाव काढलं नाही. त्यांनीच विचारलं, "कुठं लावताय चित्र?" मी पत्ता सांगितला. ते "बरं" म्हणाले.

पुढचे दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. गुलाबाचा रंग कण्हेरीपेक्षा गडद, त्यामुळे नाकाचा डाग पुन्हा करावा लागला, डागामुळे गाल, गालामुळे मान. एकीकडे हात घातला की दुसरीकडे उसवत होतं. ओठ मी सात वेळा पुसला. आठव्यांदा तो पुढे आला आणि त्याने फूल वळवून घेतलं. तोवर प्रदर्शनाची सकाळ झाली होती. ओलं चित्र टेम्पोत घालून, मागे स्वतः उभी राहून, दोन्ही हातांनी ते धरून मी डोंबिवलीहून नौपाड्याला नेलं. मुंब्र्यापाशी टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, बसा ना पुढे." मी त्याला म्हटलं, तू रस्त्याकडे बघ.

हॉलच्या बाईंनी चित्राखाली पाटी लावली, रंग ओला आहे, हात लावू नये. लोक आले. हातात कार्ड, समोर चित्र, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "कार्डावर वेगळं आहे का हो?" पडद्यांवाले गृहस्थ आले, दोन्ही ताडून बघितली आणि नमस्कार करून गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिल्या प्रदर्शनातलं पहिलं चित्र विकलं गेलं असतं तर कुणाला नको असतं! पण मी रोज सकाळी येऊन आधी त्या ओठाकडे बघायचे आणि मग खुर्ची घ्यायचे.

शेवटच्या दिवशी चारच्या सुमाराला दारात गडबड झाली. बघते तर मामा. लाल कोट, सोनेरी काठ, डोक्याला फेटा. ठाण्यातच संध्याकाळची वरात होती. घोडी खाली रस्त्यावर टेम्पोत उभी आहे, फार थांबता यायचं नाही, असं म्हणाले. हॉलमध्ये दहाबारा माणसं होती, सगळी त्यांच्याकडे बघायला लागली. ते कुणाकडे न बघता सरळ समोरच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांनी चष्मा लावला.

घोडीकडे त्यांनी बघितलंच नाही. फुलं बघायला लागले. एकेक. डावीकडून सुरुवात करून, बोट हवेत फिरवत, वैरण निवडावी तसं. मी शेजारी उभी.  शाळेत इन्स्पेक्शनला कधी एवढी भ्याले नव्हते. सगळे गुलाब बघून झाले, पानं बघून झाली. मग ते हळूच खाली वाकले. गुडघ्यावर बसले. चित्राच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, खुरापाशी मातीवर त्यांनी अंगठा धरला, रंगाला न लावता.

तिथे एक पाकळी होती. फिकी गुलाबी, नखाएवढी. गळून पडलेली कण्हेर. सगळं पुसलं आणि ही माझ्या नजरेतून सुटली होती. मला नाही दिसली, नवऱ्याला नाही, आलेल्या शेकडो माणसांतल्या एकालाही नाही. 

"घोरी खालचं पन उचलते, ताई," मामा म्हणाले. आवाज अगदी हळू.

मी पर्स उघडली. फ्रेमांची डागडुजी करायला दोन ब्रश आणि चार ट्यूबा असतात माझ्याजवळ. हॉलच्या बाई धावत आल्या, "अहो, आत्ता? लोकांसमोर?" मी साडीचा पदर खोचला आणि मामांच्या शेजारी जमिनीवर बसले. मातीचा रंग तळहातावरच कालवला. लोक मागे गोळा झाले, कुणीतरी मोबाइल काढला. पाकळी गेली. तिच्यावर मी एक थर दिला, मग दुसरा दिला, खालून गुलाबी परत वर येऊ नये म्हणून.

मामा वाकून बघत होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मग पहिल्यांदा वर, घोडीच्या तोंडाकडे बघितलं. फेट्याखाली त्यांचे डोळे भरून आले होते.

"आता खाऊ दे," ते म्हणाले.